फेलिक्सची सवड

एकतीस डिसेंबरची रात्र. मंडळीतली वर्षाअखेरची उपासना. अकरा वाजून गेले होते, मागच्या बाकांवर पोरं शालीत गुरफटून झोपली होती आणि बाहेर कुणीतरी आत्तापासूनच फटाके लावत होतं. पाळकसाहेबांनी गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडला, आत्म्याच्या फळाची यादी वाचली आणि शेवटच्या शब्दावर थांबले. इंद्रियदमन.

पुढची वीस मिनिटं त्या एका शब्दावर गेली. ज्यांचे गेल्या वर्षीचे संकल्प मोडले त्यांनी आत डोकावून पाहावं. इंद्रियदमन हे आत्म्याचं फळ. फळ धरत नसेल तर झाडातच काहीतरी बिघडलंय. साखर सुटत नाही, मोबाइल सुटत नाही, पहाटेची प्रार्थना होत नाही, हप्ते थकतात, या सगळ्याचं मूळ एकच : विश्वास उणा पडतो. शिवाय, ते म्हणाले, आता विज्ञानानेही हे मान्य केलंय.

माझ्या शेजारच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना मधुमेह आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटतात, रात्री घरी येऊन सहा जणांचं करतात आणि उभ्या उभ्या उरलेला भात खातात. गेल्या वर्षी त्यांनी भात सोडायचा संकल्प केला होता. फेब्रुवारीत मोडला.

उपासनेनंतर चहाच्या वेळी मी पाळकसाहेबांना म्हटलं, हे मला पटलं नाही. ते हसून म्हणाले, “मग लिहा की, ताई.” माणूस भला आहे. म्हणून लिहिते, आणि हात राखून लिहीत नाही.

सुरुवात त्यांच्याच पत्रापासून करू. पौलाची इतकी पत्रं असताना त्यांनी नेमकं गलतीकरांस पत्र निवडावं याचं मला नवल वाटतं. हे पत्र लिहिण्यामागचं भांडण काय होतं? गलतियातल्या नव्या विश्वासणाऱ्यांना कुणीतरी सांगत होतं की ख्रिस्तावरचा विश्वास ठीक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. सुंता करा, दिवस पाळा, सण पाळा, तेव्हा कुठे तुम्ही पुरे. यावर पौल इतका संतापला की नेहमीचं कौतुक, आभार, काही न लिहिता त्याने थेट झोडपायला सुरुवात केली. आत्म्याने ज्याचा आरंभ झाला ते तुम्ही आता देहाच्या जोरावर पुरं करायला निघालात काय, असा त्याचा तिसऱ्या अध्यायातला सवाल आहे. ज्या पत्राने गळ्यातलं जू काढलं त्याच पत्रातला एक शब्द उचलून आपण नवं जू घडवलं, आणि त्यावर एक जानेवारीचा शिक्का मारला.

बरं, ती यादी तरी नीट वाचावी. फळाच्या आधी देहाची कर्मं येतात. त्यांत व्यभिचार आणि दारूबाजी आहेच. पण जवळजवळ निम्मी यादी वैर, कलह, मत्सर, राग, तट आणि फुटी यांनी भरलेली आहे. म्हणजे चार माणसं एकत्र आली की जे होतं ते. मराठवाड्यापासून मुंबईपर्यंत मंडळ्यांच्या जमिनींवरून, विश्वस्तांच्या निवडणुकांवरून कोर्टात चकरा मारणारे आपण! एकतीस डिसेंबरला कुणी व्यासपीठावरून म्हणत नाही, की अमुक खटल्यातल्या दोन्ही बाजूंनी इंद्रियदमन करावं. इंद्रियदमन पोळ्या लाटणाऱ्या बाईने करायचं. भाताचं.

शब्दाचंही थोडं बघू. मूळ ग्रीक शब्द एन्क्रातेइया. त्यात ‘क्रातोस’ आहे, म्हणजे बळ, पकड, सत्ता. जुन्या मराठी भाषांतरात त्यासाठी इंद्रियदमन आलं. शब्द वाईट नाही, पण त्याला जटा आहेत. कानावर पडला की डोळ्यांपुढे एका पायावर उभा राहिलेला तपस्वी येतो. एकटा, रानात, शरीराशी झुंजणारा. आणि ‘फळ’ हा शब्द मुळात एकवचनी आहे. नऊ फळांची टोपली पौलाने मांडलेली नाही की त्यातलं एक नासकं निघालं म्हणून झाडावर कुऱ्हाड घालावी. प्रीतीपासून सुरू होऊन संयमापर्यंत जाणारं ते एकच फळ आहे. प्रीती बाजूला ठेवून नुसतं इंद्रियदमन मोजायला बसलो तर आपण दुसऱ्याच कसल्यातरी झाडाखाली उभे आहोत.

हा शब्द पौलाने आणखी एका ठिकाणी वापरल्याची नोंद आहे, आणि तिथला प्रसंग मला फार आवडतो. प्रेषितांची कृत्ये, चोविसावा अध्याय. पौल कैसरियात कैदेत आहे. सुभेदार फेलिक्स आपली बायको द्रुसिल्ला हिला घेऊन येतो आणि कैद्याला बोलावून घेतो; ख्रिस्तावरच्या विश्वासाबद्दल काय ते ऐकू या म्हणतो. ही द्रुसिल्ला आधी एमेसाच्या राजाची राणी होती आणि फेलिक्सने तिला नवऱ्यापासून फोडून आणली, असं योसेफस हा त्या काळचा इतिहासकार सांगतो. अशा जोडप्यापुढे साखळदंडातला पौल तीन गोष्टींवर बोलतो : नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय. फेलिक्स घाबरतो. म्हणतो, आत्ता जा. सवड झाली की बोलावीन.

लूक पुढे लिहितो, की पौलाकडून पैसे मिळतील अशी फेलिक्सला आशा होती, म्हणून तो त्याला वारंवार बोलावून गप्पा मारी. अशी दोन वर्षं गेली. मग फेलिक्सची बदली झाली आणि जाताना लोकांची मर्जी राखायला तो पौलाला कैदेतच ठेवून गेला.

संयमावरचं हे पौलाचं प्रवचन कुणापुढे झालं ते पाहा. ज्याच्या हातात सत्ता होती, ज्याचा हात लाचेसाठी पुढे होता, त्याच्यापुढे. बोलणारा खाली, ऐकणारा वर. आमच्याकडे दिशा उलटली आहे. वरून खाली बोलायचं आणि खालच्यांनी रडायचं. आणि ‘सवड झाली की’ हे वाक्य तर नववर्षाच्या सगळ्या संकल्पांचा बापच आहे. डिसेंबरच्या वीस तारखेला ज्याच्याशी भांडण मिटवता येतं त्याला आपण म्हणतो, नवीन वर्षापासून. फेलिक्सलासुद्धा प्रवचन आवडत होतं हो. तो पुन्हा पुन्हा ऐकायला बोलवायचा.

पाळकसाहेबांनी धावपटूचा दाखलाही दिला. करिंथकरांस पहिलं पत्र, नववा अध्याय. शर्यतीत धावणारा सर्व बाबतींत संयम पाळतो आणि पौलही आपलं शरीर ताब्यात ठेवतो. व्यायामशाळेच्या भिंतीवर रंगवायला हा उतारा उत्तम. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, तेव्हा वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चित्र लगेच उभं राहत असेल. पण आठव्या अध्यायापासून वाचत या. वाद मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा आहे. पौलाचं म्हणणं असं, की मांस खायला माझी हरकत नाही, मला तो हक्क आहे. पण माझ्या खाण्याने एखाद्या दुबळ्या मनाच्या भावाला ठेच लागत असेल तर मी खाणार नाही. मंडळीकडून चरितार्थ घेण्याचाही मला हक्क आहे; तोही मी सोडला. धावपटू येतो तो यानंतर. पौलाच्या संयमाला समोर एक माणूस आहे, ज्याच्यासाठी तो ताटातलं बाजूला सारतो. माझं वजन, माझी झोप, माझी बचत, माझी प्रगती अशी चौकटी वही घेऊन त्या अध्यायात शिरलं तर आत जागाच मिळत नाही.

मग ही चौकटी वही आली कुठून?

चर्चकडून तर नक्कीच नाही. एक जानेवारी हा रोमन लोकांचा कालेंडी सण. मेजवान्या, शुभशकुनाच्या भेटी, नाचगाणी. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेत बिशप ऑगस्टिनने या दिवशी एक लांबलचक प्रवचन केलं. सार असं, की ते भेटी देतात तर तुम्ही दानधर्म करा, ते खातात तर तुम्ही उपास करा. ५६७ साली तूरच्या धर्मसभेनेही या दिवसांत भक्तांना प्रार्थनेला लावलं. पुढे आठव्या दिवशीच्या बाळ येशूच्या सुंतेचा आणि नामकरणाचा सण त्या तारखेला आला. इंग्लंडात तर १७५२पर्यंत कायद्याने वर्ष पंचवीस मार्चला सुरू होत होतं. ज्यांच्या मिशनऱ्यांनी आपल्याकडे हे सगळं आणलं असं आपण समजतो, त्यांच्या आज्यापणज्यांचं कायद्यातलं वर्ष एक जानेवारीला सुरूच होत नव्हतं.

संकल्पांच्या यादीचा ख्रिस्ती नमुना म्हणून हल्ली एक नाव हमखास घेतलं जातं : जोनाथन एडवर्ड्स. अमेरिकेतला मोठा धर्मपंडित. १७२२–२३ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने सत्तर संकल्प लिहून काढले आणि ते दर आठवड्याला एकदा वाचायचे असं ठरवलं. वेळेचा एक क्षण वाया घालवायचा नाही, सूड घ्यायचा नाही, खाण्यापिण्यात मर्यादा सोडायची नाही. देवाच्या साहाय्याविना यातलं काही होणार नाही, हेही प्रामाणिकपणे वर लिहून ठेवलं. माणूस खरा होता, शिस्त खरी होती. आणि याच माणसाने १७३१ साली न्यूपोर्ट बंदरात जाऊन व्हीनस नावाची चौदा वर्षांची आफ्रिकन मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली. सत्तर संकल्पांपैकी एकही तिच्या वाटेत आडवा आला नाही. एडवर्ड्सला खाली खेचायला हे सांगत नाही. पण ज्याची शिस्त इतकी कडक त्याचीही वही आपल्याच अंगणापुरती असते, आणि अंगणाबाहेरची मुलगी त्या वहीत बसत नाही, एवढं तरी यातून दिसतं. यशया प्रवाद्याने अठ्ठावन्नाव्या अध्यायात हेच ओरडून सांगितलं होतं : उपास करता, डोकी लववता, आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता.

सवयी मोजणाऱ्या आपल्या मोबाइलमधल्या हिरव्या-लाल ठिपक्यांचा आजा मात्र अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन. तेरा सद्‌गुण, प्रत्येकाला एक आठवडा, तेरा चोक बावन्न, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. छोट्या वहीत रकाने आणि चुकलं की काळा ठिपका. व्यवस्थितपणा हा गुण त्याला जन्मात जमला नाही, असं त्यानेच आत्मचरित्रात कबूल केलंय. तेरावा सद्‌गुण नम्रता. तो आधी यादीत नव्हताच. लोक तुला गर्विष्ठ समजतात असं एका क्वेकर मित्राने सांगितल्यावर घातला. तिथे येशूचं अनुकरण करावं असं म्हटलंय. येशूचं आणि सॉक्रेटिसचं. तेराव्या ओळीत, तीही निम्मी. आमच्या व्यासपीठावरून जे चाललंय ते फ्रँकलिनचंच दुकान आहे. पाटीवर फक्त पौलाचं नाव रंगवलंय.

एक कबुली देते, नाहीतर वसईकर कॅथलिक वाचक मला धरतील. ठिपके काढायची युक्ती फ्रँकलिनच्या दोनशे वर्षं आधी जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने दिली होती. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ साली छापलेल्या पुस्तकात रोजच्या ओळी आहेत आणि प्रत्येक चुकीमागे ठिपका आहे. फरक एवढाच, की त्याच्या रोजच्या आत्मपरीक्षणाची पहिली पायरी आभार मानण्याची. मग प्रकाश मागायचा, मग दिवसाचा हिशेब, मग क्षमा, मग उद्याचा बेत. आणि हे सगळं एखाद्या जाणत्या मार्गदर्शकापुढे मोकळं करायचं. शिवाय कॅथलिकांना जानेवारीची गरजच नाही. राखेच्या बुधवारी सगळा गाव एकाच दिवशी कपाळाला राख लावतो आणि चाळीस दिवस बऱ्याच घरांत सामिष शिजत नाही, तेव्हा एकट्याने मन मारावं लागत नाही.

आता विज्ञान. पाळकसाहेबांनी नाव घेतलं नाही. पण बहुधा त्यांच्या कानावर आलेलं संशोधन म्हणजे मायकेल मॅकलॉ आणि ब्रायन विलोबी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००९चा आढावा असावा. धार्मिक माणसांत आत्मसंयम थोडा जास्त आढळतो, असं त्यांनी त्या आधीच्या बऱ्याच अभ्यासांवरून मांडलं. पण त्यात कुठल्या एका धर्माची बाजू नाही.  आणि कारणं जी सुचवली ती अशी, की धर्मामुळे माणूस स्वतःवर लक्ष ठेवतो, काही ध्येयांना पावित्र्य येतं, रोजचा सराव होतो. यातून विश्वास उणा म्हणून भात सुटला नाही, हे सिद्ध करायला बरीच उडी मारावी लागेल. ‘विज्ञानाने सिद्ध केलंय’ म्हणताना जरा जपावं हे बरं. इच्छाशक्ती स्नायूसारखी थकते, हा रॉय बाउमाइस्टरचा १९९८चा प्रसिद्ध सिद्धान्त. मुळे आणि चॉकलेटची बिस्किटं समोर ठेवून केलेला प्रयोग. २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून असा परिणाम पुन्हा तपासला, तेव्हा तो जवळजवळ दिसेनासा झाला. अशा वाळूवर उपदेशाची भिंत कशाला बांधायची?

त्यापेक्षा आमच्याच गल्लीत या. आमच्या घरासमोर एक माळकरी काका राहतात. तुळशीची माळ घातल्याला त्यांना तीस वर्षं होऊन गेली. त्या आधी पीत होते, मटणाशिवाय रविवार नव्हता. माळ घातली त्या दिवशी दोन्ही सुटलं ते सुटलंच. पाळकसाहेबांच्या गणिताने पवित्र आत्मा आमच्या निम्म्या मंडळीला सोडून समोरच्या काकांकडे मुक्कामाला आहे असं म्हणावं लागेल. तसं असेलही, वारा वाटेल तिकडे वाहतो, हे आम्हीच शिकवतो. पण काकांना विचारलं तर ते दिंडीचं नाव घेतात, एकादशीच्या भजनाचं घेतात. गळ्यात माळ दिसली की लग्नात कुणी ताटात मटण वाढत नाही, ग्लास पुढे करत नाही. निम्मा संयम गाव पाळतो, निम्मा काका.

इथे मला विचारतील, मग शिस्त नको का? सगळं कृपेवर सोडून पाय पसरायचे? नाही. स्वस्त कृपेचे वाभाडे जर्मन पाळक बोन्हॉफरने १९३७ साली काढले, ते मी विसरलेले नाही. फिलिप्पैकरांना पौल एका श्वासात सांगतो, की आपलं तारण भीत कापत साधून घ्या, आणि लगेच, की तुमच्या ठायी इच्छा आणि कृती घडवणारा देव आहे. दोन्ही अर्धी धरून ठेवणं कठीण आहे. पेलेगियस या ऑगस्टिनच्या काळातल्या साधूला ते जमलं नाही. देवाने आज्ञा दिली त्या अर्थी माणसाला ती पाळता येते, असं तो म्हणे. ऑगस्टिनने देवाकडे आज्ञेसोबत ती पाळण्याची ताकदही मागितली, तर हा चिडला. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलेगियसची शिकवण नाकारली. आमच्या उपासनेत ती दरवर्षी रात्री साडेअकराला परत येते.

शिस्त हवी असेल तर आपल्याच घरातली जुनी पेटी उघडावी. १७४२च्या फेब्रुवारीत इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या लोकांवर सभागृहाचं कर्ज होतं. फेडायचं कसं, यावर बसले असता फॉय नावाच्या एका दर्यावर्दी कप्तानाने सुचवलं, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, बरेच जण गरीब आहेत, त्यांना हे परवडणार नाही. त्यावर तो म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. दिलं तर घेईन, नसेल तर त्यांचं मी भरीन. अशा बारा-बारांच्या तुकड्या पडल्या. पेनी गोळा करायला घरोघर जाणाऱ्यांना मग दिसू लागलं, की कोण पितोय, कोण बायकोशी भांडतोय, कुणाच्या घरात चूल पेटलेली नाही. मेथॉडिस्टांच्या त्या नावाजलेल्या शिस्तीचा जन्म असा झाला, कर्जाच्या वसुलीतून. एकट्याची वही त्यात कुठेच नव्हती. दारावर येणारा माणूस होता, आणि तो आधी पैसे भरायची तयारी ठेवून येत होता.

आणि ही वर्षाअखेरची रात्र? तिचीही कथा ऐकण्यासारखी आहे. ब्रिस्टलजवळ किंग्जवूडला कोळशाच्या खाणी होत्या. तिथले मजूर पूर्वी शनिवारची रात्र गुत्त्यात काढत. बदललेल्यांपैकी काही जणांनी तीच रात्र एकत्र प्रार्थनेत आणि गाण्यांत घालवायला सुरुवात केली. काहींनी वेस्लीकडे तक्रार केली, की हे बंद करा. त्याने उलट जाऊन पाहिलं, आणि मग ती प्रथा सगळीकडे नेली. महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या जवळच्या शुक्रवारी, म्हणजे रात्री उशिरा घरी परतताना रस्त्यावर चांदणं असावं. वर्षातल्या एकाच रात्रीवर तिला आणून ठेवलं ते नंतर. गुत्ता सोडलेल्या माणसाला रिकाम्या शनिवारी जायला जागा हवी, हे त्या मजुरांना समजलं होतं. ज्यांना दारू सुटली अशांच्या साक्षी आमच्याकडेही होतात, आणि त्या खऱ्या असतात. मी त्यांना हसत नाही. पण पुढच्या शनिवारी रात्री नऊ वाजता त्या माणसाचं दार आपल्यापैकी कोण ठोठावतो? १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये दोन दारुड्यांनी सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसला हे कळलं. आपलं काही चालत नाही, ही त्यांची पहिली पायरी. आणि मुदत वर्षाची नाही, आजच्या चोवीस तासांची.

आमच्या त्या रात्री शेवटी टोपली फिरली. दरवर्षी फिरते. टोपलीत वचनांच्या चिठ्ठ्या. प्रत्येकाने एक उचलायची, ते देवाने तुम्हाला दिलेलं वर्षाचं वचन. आतापर्यंत कुणाला विलापगीतातली चिठ्ठी निघाल्याचं मी पाहिलेलं नाही. ईयोबाच्या मित्रांची नाही, पौलाच्या शरीरातल्या काट्याची नाही. तीनदा विनंती करूनही तो काटा काढला गेला नव्हता. सगळ्यांत लाडकं यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन, तुमच्या हिताचे संकल्प देवाच्या मनात आहेत या अर्थाचं. शेजारच्या बाईंना तेच आलं.

ते वचन कुणाला लिहिलं होतं? बाबेलात धरून नेलेल्या कैद्यांना. आणि लगतच्या दहाव्या वचनात मुदत दिलीय : सत्तर वर्षं. पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेक तोवर मेलेले असणार. त्या मधल्या काळात काय करायचं तेही यिर्मया सांगतो : घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्याच शहराचं भलं मागा. चिठ्ठीवर सत्तर वर्षं कुणी छापत नाही. छापली तर टोपली परत भरलेलीच येईल.

आपल्या भाषेत संकल्प ‘सोडतात’. ओंजळीत पाणी घेऊन, स्थळ, काळ, तिथी, गोत्र सगळं उच्चारून, ते पाणी ताम्हनात सोडायचं की संकल्प झाला. आपण ख्रिस्ती झालो तेव्हा ते ताम्हन मागे राहिलं आणि आता इंग्रजी वाटेने संकल्प परत घरात आला, तोही स्थळ-काळ-गोत्र गाळून, नुसता ‘मी’. त्यात नवसाची मिसळ झाली. मी हे करीन, देवा, तू ते दे. मी चुकले तर तू काय करशील ते मला ठाऊक आहे. नवस फेडला नाही की कोप होतो ही धास्ती पाळकसाहेबांच्या उपदेशाने आमच्या बायकांच्या मनात पुन्हा रुजवली. वेस्लीकडे यासाठी दुसरा शब्द होता, करार. ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये फ्रेंच चर्चात अठराशे माणसांनी एकत्र उभं राहून देवाशी करार नव्याने केला. पुढे ती उपासना नववर्षाला जोडली गेली. करारात दुसरी बाजू आधी बोललेली असते.

संयम हाच विश्वासाचा थर्मामीटर मानायचा असेल तर रेव्हरंड टिळकांचं काय करणार? १८९५च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या भक्तिपर कविता आपण प्रत्येक उपासनेत गातो. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्यांचा तापटपणा, त्यांचं पैशांशी नसलेलं सख्य, घरदार उधळून टाकणारा त्यांचा सढळपणा, काही म्हणता काही लपवलेलं नाही. त्यांची आत्मसंयमाची चाचणी घेतली असती तर आपल्या मंडळीत त्यांना दुसऱ्या रांगेतही बसू दिलं नसतं. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला निघाले. लक्ष्मीबाईंचं सोवळंही एका तारखेला सुटलेलं नाही. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी ते धरून ठेवलं, एकेक गाठ सुटत गेली, आणि पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी स्वतःचा बाप्तिस्मा घेतला. बाईला वेळ दिला गेला. आमच्या शेजारच्या बाईंना फेब्रुवारीपर्यंत दिला.

त्या रात्री गेटपाशी बाईंनी मला ती चिठ्ठी दाखवली आणि विचारलं, “माझा विश्वासच नाही का हो?” मी काहीतरी बोलले, चांगलं बोलले असं वाटत नाही. दोन दिवसांनी त्यांच्याकडे गेले. आता मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही सकाळी चालायला जातो. त्यांच्या सुनेने रात्रीच्या भाकरी करायचं मान्य केलंय, ते मिळवायला मला दोनदा चहा प्यावा लागला. आतापर्यंत नऊ खेपांपैकी सहा झाल्या. दोनदा त्या आल्या नाहीत, एकदा मीच उठले नाही.

पाळकसाहेब, तुम्हालाही साखर आहे, हे मंडळीत सगळ्यांना माहीत आहे. मंगळवारी सहाला फाटकापाशी या. बूट नसले तरी चालेल, बाईही चपलेवरच येतात.